अर्ध्या तासाची घड्याळं

फेब्रुवारीतल्या मध्यरात्री, ऑटवात,
आम्ही भिंत पाडतो आहोत.
म्हणजे पाडतोय तो बढई, अँब्रोज पेनी,
न्यूफाउंडलंडचा, साठीचा, डाव्या कानानं अधू.
मी नुसता रात्रपाळीचा कॉर्पोरल,
चुन्याची धूळ बसू नये म्हणून
दोन्ही टेलिफोनांवर मफलर पांघरून बसलेला.

भिंतीच्या अलीकडे होतं घर:
मॅनिटोबाचे पूर, पश्चिमेचे वणवे,
बर्फानं गिळलेले रस्ते, न परतलेल्या होड्या.
पलीकडे परमुलूख.
दोन दालनं, दोन जनरल,
कॉफीची दोन यंत्रं
(पलीकडची कॉफी बरी होती,
कुठंतरी नोंद असावी म्हणून सांगतो).

आता सगळं एकच.
मेजर देरोझिए यांनी तक्ता काढलाय,
चौकोनाखाली चौकोन.
ठळक रेघ म्हणजे हुकूम,
तुटक रेघ म्हणजे विचारून घ्या.
मेजर कॅप्टन होते तेव्हा
हीच भिंत बांधायचा तक्ताही त्यांनीच काढला होता.
तेव्हा म्हणाले, घर वेगळं, रण वेगळं.
आज म्हणाले, शेवटी सैन्य एकच.
मला दोन्ही वेळा पटलं.
पटण्याचाच पगार मिळतो मला.

खांदेपालट म्हणतात याला.
मी पाहिलेत ते खांदे.
रेड नदीला फुगवटा आला त्या वसंतात
रात्रभर वाळूची पोती वाहिली ज्यांनी,
तेच दोन हिवाळ्यांनी दुसऱ्या खंडात
चौकीभोवती पोती रचत होते.
पोती तीच. वाळू तेवढी कोरडी.
खांदे कोण पालटतो?
पालटतात ते त्यांवरचे बिल्ले.
घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं,
आणि घोड्याला दाणा घालायला
पुन्हा तीच चार पोरं.

अँब्रोज घड्याळं उतरवतो.
अलीकडची सहा, पलीकडची चार,
फरशीवर ओळीनं, उताणी,
टिकटिक चालूच.
मग एकदम थांबतो.
'हे बघ,' म्हणतो.

ऑटवात एक वाजून दहा मिनिटं.
व्हँकुव्हर, विनिपेग, हॅलिफॅक्स,
सगळ्यांचे मिनिटकाटे दहावर,
शाळेतल्या रांगेसारखे शहाणे.
फक्त दोन हटवादी:
सेंट जॉन्स, दोन चाळीस.
काबूल, दहा चाळीस.
जगाशी अर्ध्या तासाचं भांडण दोघांचं,
आणि इतकी वर्षं
एका भिंतीच्या दोन बाजूंना
पाठीला पाठ लावून टांगलेली.

'रोक्सॅन तिथं आहे माझी,' तो म्हणतो,
'गाड्या दुरुस्त करते.
तिची आई स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघून म्हणते,
मोठा काटा तरी आपलाच आहे पोरीकडे.'
मग खिळा तोंडात धरतो,
म्हणजे आणखी काही बोलायला नको.

नव्या भिंतीवर कोण कुठं, याचाही आराखडा आहे:
देशातली वर, परदेशातली खाली,
मधे हाताएवढं अंतर.
अँब्रोजनं आराखडा घडी करून खिशात घातला
आणि ती दोन शेजारी शेजारी लावली.
मी पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर तुटक रेघेनं
कुणाला तरी विचारावं लागलं असतं.

तेवढ्यात मफलरखाली घंटी.
दोन्ही टेलिफोन आता एकाच आवाजात वाजतात,
ही सुधारणा आजपासूनची.
बुरिनजवळ एखादी होडी बुडत असेल,
किंवा तिकडं, दिवसाच्या लख्ख उजेडात,
काहीतरी.
आणि उचलून सांगू काय?
जुनी नावं सकाळीच खरवडली,
नवी पाटी गुरुवारी येणार.

अँब्रोजनं हातोडी खाली ठेवलीय.
विचारत नाही काही.
फक्त मान वळवून
चांगला कान माझ्याकडे केलाय.

मी मफलर उचलतो.
'बोला,' म्हणतो,
'इथं आहे कुणीतरी.'